चमचाभर अर्क

रिपोर्टच्या एकाच कागदावर दोन आकडे होते आणि त्यांचं एकमेकांशी पटत नव्हतं.

थोरल्यानं कागद जेवणाच्या टेबलावर मधोमध ठेवला, पंख्यानं उडू नये म्हणून वर मिठाची बाटली ठेवली आणि हात धुवायला गेला. तो परत येईपर्यंत कोणी कागदाला हात लावला नाही. रविवारची दुपार होती. खालची भट्टी बंद होती, तरी पुदिन्याचा वास जिन्यातून वर येतच होता. तीन पिढ्या या घरात अर्क काढतात. साबणवाल्यांसाठी, गोळ्या-चॉकलेटवाल्यांसाठी, खोकल्याच्या औषधांसाठी. त्या वासाला रविवार ठाऊक नाही.

"पहिला आकडा चांगला आहे," थोरला म्हणाला. "मिरीच्या लिव्हरमधली चरबी एकवीस टक्के होती, ती सहावर आलीय. पाच आठवड्यांत. डॉक्टरांचा विश्वास बसेना, त्यांनी दोनदा तपासलं."

मिरी समोरच बसली होती. थोरल्याची ही धाकटी बहीण जन्मली तेव्हा मुठीएवढी होती आणि बोलायला लागली तेव्हापासून तिखट, म्हणून मिरी. अकरा वर्षांपूर्वी बाबांशी भांडून तिनं भट्टी सोडली आणि लिफ्ट दुरुस्तीचं काम धरलं. आता बाबांचं लिव्हर निकामी झालं होतं. डॉक्टरांनी तीन महिन्यांची मुदत सांगितली होती, घरातल्याच कोणाच्या तरी लिव्हरचा तुकडा बसवायला हवा होता, आणि रक्तगट जुळला तो नेमका तिचाच. पण कामावर उभ्याउभ्या तळलेलं खाऊन तिच्याही लिव्हरवर चरबी चढली होती. ती उतरल्याशिवाय मी सुरी उचलणार नाही, असं डॉक्टरांनी निक्षून सांगितलं, म्हणून मिरी पाच आठवड्यांपासून या घरात राहत होती.

"सहा?" वहिनीनं विचारलं, आणि हातातला डाव तसाच धरून खाली बसली.

ही सगळी तिची कमाई होती. हॉस्पिटलातल्या आहारवाल्या बाईंनी दिलेला कागद तिनं फ्रिजवर चिकटवला होता: कोबी, फ्लॉवर, पालेभाज्या, मसूर, बीट, लसूण, ओट्स, मूठभर अक्रोड, बिनसाखरेची कॉफी, गोड बंद, तळण बंद, रोज तासभर चालणं. एकीला शिक्षा आणि बाकीच्यांना मेजवानी हे माझ्या घरात चालणार नाही, असं म्हणून तिनं सगळ्या घरालाच त्या कागदाला बांधलं होतं. थोरल्याचा पट्टा दोन भोकं आत गेला होता. नणंद-भावजयीत अकरा वर्षं 'कशी आहेस' आणि 'बरी आहे' यापलीकडे बोलणं झालं नव्हतं. आता त्या रोज सकाळी एकत्र फिरायला जात आणि येताना भाजी आणत.

"कोबी आणि मसूर," वहिनी स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "अहो, भाजीवाला कोबीची वरची पानं फुकट देतो. त्यात एवढं काय असेल? माणसाच्या पोटात जाऊन काय करत असेल ती?"

"दुसरा आकडा वाच," मिरी म्हणाली.

थोरल्यानं घसा साफ केला. "एसजीपीटी. चाळीसच्या आत हवा. तुझा पाच आठवड्यांपूर्वी एकतीस होता. आता दोनशे अडुसष्ट आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे तुझ्या लिव्हरला कशानं तरी इजा होतेय. असं असताना ते ऑपरेशन करणार नाहीत. डॉक्टरांनी विचारलंय, ही कागदाबाहेरचं काय घेते?" त्यानं बहिणीकडे पाहिलं नाही; मिठाच्या बाटलीकडे पाहिलं. "काय घेतेस?"

"काही नाही."

"गुडघेदुखीच्या गोळ्या? कामावरच्या पोरांबरोबर एखादा पेग?"

"तू मला हे विचारतोयस?"

"बाबा पलीकडच्या खोलीत पिवळे पडून झोपलेत, म्हणून विचारतोय. खरं सांग, कोणी रागावणार नाही."

"तुम्ही आत्ताच रागावलाय," वहिनी म्हणाली. डाव तिनं टेबलावर ठेवला. "पाच आठवडे तिच्या तोंडात गेलेला घास न् घास मी मोजलाय. कामावर डबा माझा, पाणी माझं. तिनं चोरून खाल्लं असेल तर चरबी काय वाऱ्यानं उतरली?"

थोरल्यानं बायकोकडे पाहिलं. लग्नाला चौदा वर्षं झाली होती आणि बायको आपल्या बहिणीची बाजू घेताना तो पहिल्यांदाच बघत होता. रागापेक्षा त्याला आश्चर्यच जास्त वाटलं.

आत्या गॅसपाशी उभी होती. बाबांची ही धाकटी बहीण चाळीस वर्षं भट्टीवर भावाच्या बरोबरीनं उभी राहिलेली. कुठल्या पुदिन्यावर पाऊस पडून गेलाय, कुठलं लिंबू एक दिवस उशिरा तोडलंय, हे ती पोतं उघडायच्या आत सांगायची. गिऱ्हाइकं तिला भट्टीचं नाक म्हणत. दोनशे अडुसष्ट हा आकडा ऐकला आणि तिची नजर फडताळाकडे गेली. बाकीचे अजून शोधतच होते; तिला सापडलं होतं.

आहारवाल्या बाईंच्या कागदावर सगळ्यात खाली एक ओळ होती: हवा तर एक कप हिरवा चहा. ती ओळ वाचून आत्याला हसू आलं होतं. एक कप! तिचा भाऊ दिवस मोजत होता आणि ही बाई कपात मोजत होती. या घरात पानाला पान म्हणून कधी किंमत नव्हती. चाळीस किलो पाला भांड्यात जातो तेव्हा एक बाटली हाती लागते, आणि जे काही चांगलं असतं ते त्या बाटलीत असतं, उरलेलं ओझं, हे ती बापाकडून शिकली आणि भाच्याला तिनंच शिकवलं. मग भाचीला कपभर पाणी कशाला पाजायचं? कामगार घरी गेल्यावर एका संध्याकाळी तिनं लहान भांडं चढवलं, चार किलो हिरवा चहा उकळून गाळला आणि मंद आचेवर आटवत आटवत काळ्या काकवीसारखा दाट केला. त्यातला एक चमचा रोज सकाळी मिरीच्या बिनसाखरेच्या कॉफीत. कडूत कडू मिसळलं, कोणाला कळणार होतं?

"तिनं काही घेतलेलं नाही," आत्या म्हणाली. "मी दिलं."

मग तिनं सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही, डोळ्याला पदर लावला नाही. किती किलो, किती आच, किती चमचे, हे ती एखाद्या गिऱ्हाइकाला सांगावं तसं सांगत गेली, आणि सांगून झाल्यावर फडताळातल्या डाळींच्या मागून बाटली काढून रिपोर्टशेजारी ठेवली.

"माझ्या स्वयंपाकघरात," वहिनी म्हणाली. "माझ्या डाळींच्या मागे. आत्याबाई, मी मीठसुद्धा मोजून घालत होते हो."

"मला माहीत होतं," मिरी म्हणाली.

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या.

"पहिल्याच दिवशी कळलं. माझंही नाक याच घरातलं आहे."

"मग प्यायलीस कशाला?" आत्याचा आवाज आता कुठे हलला.

"तू गॅसपाशी उभी राहून बघत होतीस, कप रिकामा होईपर्यंत. मला वाटलं, काहीतरी चांगलंच घातलं असशील. एवढं कोण बघतं माझ्याकडे? म्हणून प्यायले."

वहिनी काहीतरी बोलणार होती, पण थोरल्यानं हात वर केला. मघाशी सगळ्यात जास्त तोच बोलला होता. आता उठून तो आत्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

"तिला एकटीला बोलू नकोस," तो बायकोला म्हणाला. "मला सुचलं असतं तर मीही हेच केलं असतं. या घरात कोणीही केलं असतं."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी बाटलीचं बूच उघडून वास घेतला, बूच लावलं आणि ती हळूच बाजूला सरकवली. पन्नाशीची, बारीक केस कापलेली बाई. बोटं लांब आणि नखं अगदी मुळापासून कापलेली. "एका चमच्यात तीस-चाळीस कप असतील," त्या म्हणाल्या. "फार सुंदर काम केलंय. आणि फार वाईट."

आत्या मिरीशेजारी खुर्चीच्या कडेवर बसली होती. "चांगलीच वस्तू होती ना पण? कागदावर तुमच्याच बाईंनी लिहिली होती."

"एक कप चांगलाच आहे. आजी, तुम्हाला वाटतं लिव्हर म्हणजे मळलेलं भांडं, आणि आपण वरून काहीतरी घालून ते घासायचं. तसं नाहीये. घासणारं तेच आहे. रक्त त्यातून मिनिटाला दीड लिटर जातं. औषध, दारू, आंबलेलं, जळलेलं, जे काही आपण गिळतो ते सगळं ते निवडतं, फोडतं, बाहेर काढतं. झोपेतसुद्धा. कोबी काय, लसूण काय, ती त्याला थोडंफार सामान पुरवत असतील, एवढंच. हिची चरबी उतरली कारण गोड आणि तळण थांबलं, पोट भाजी-डाळीनं भरलं आणि ही रोज चालली. वाट मोकळी केलीत, बाकीचं त्यानं केलं. वीस वर्षं मी रोज ते हातात धरते आणि अजूनही मला त्याचं पुरतं कळलेलं नाही."

मिरीला ते तिच्या भाषेत कळलं. लिफ्टमध्ये आठ माणसांची पाटी असते. आठ-आठ करत ती दिवसभरात हजार माणसं वर नेते आणि कुरकुर करत नाही. एकदम चाळीस कोंबली की तीच लिफ्ट दोरासकट खाली येते, मग ती चाळीस माणसं कितीही सज्जन असोत.

डॉक्टरांनी आत्याला बाहेर बसायला सांगितलं. दार बंद झाल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं.

"हे मी प्रत्येक देणाऱ्याला एकट्यात विचारते. तुम्हाला द्यायचं नसेल तर आत्ता सांगा. मी घरच्यांना सांगेन, रिपोर्टमुळे जमत नाही. तुमच्याकडे तर खरंच कारण आहे. दोनशे अडुसष्ट. कोणीही तुम्हाला बोल लावणार नाही. आयुष्यभर."

मिरी दहाव्या मजल्यावर, लिफ्टच्या पोकळीत दोरावर लोंबकळून काम करणारी. तिथं तिला कधी भीती वाटली नव्हती. इथं, एका साध्या खुर्चीवर, तिनं कड घट्ट धरली. सुटका इतकी जवळ होती की तिचा वास यावा. ऑपरेशनची भीती तिला पहिल्या दिवसापासून होती आणि ती कोणी विचारली नव्हती. सगळ्यांना चरबीचीच काळजी.

"हा आकडा खाली येईल का?" तिनं विचारलं.

"बाटली थांबवली तर यायला हवा. हमी देत नाही. पंधरा दिवसांनी परत बघू. त्यापलीकडे तुमच्या वडिलांना थांबता येणार नाही."

"औषध काय?"

"काहीच नाही. फ्रिजवरचा कागद. कपभर कॉफी, फक्त कॉफी."

"मग पंधरा दिवसांनी विचारा," मिरी म्हणाली. "तेव्हा सांगते."

बाबांची खुर्ची मागच्या खिडकीशी असे. खाली अंगण, अंगणापलीकडे चोथ्याचा खड्डा: भांड्यातून निघालेला पाला, काळा, वाफाळलेला, वास हरवलेला. अंगाला खाज सुटे तेव्हा ते हातांवर बसत, म्हणजे नखं लागणार नाहीत. डोळ्यांचं पांढरं पिवळं झालं होतं आणि कधीकधी बोलता बोलता त्यांना शब्द सापडत नसे. तरी घरात काय चाललंय ते त्यांना सगळं कळत होतं. आत्या आता फक्त भाज्या निवडून देई आणि वहिनी तिच्या हातातून प्रत्येक वाटी घेताना एकदा हुंगून बघे. दोन दिवस रागानं, नंतर गंमत म्हणून, आणि मग आत्याच आधी हुंगून, "बघ, कोबीच आहे," म्हणून पुढे करू लागली.

बाराव्या दिवशी मिरी त्यांच्यासाठी मसुराचं पातळ सूप घेऊन आली आणि खिडकीच्या कठड्यावर टेकली.

"आकडा चढला ऐकून मला बरं वाटलं होतं," बाबा म्हणाले.

"काय?"

"सुटलो असं वाटलं. तुला नाही म्हणायचं धैर्य नव्हतं मला. तो आकडाच नाही म्हणाला."

"माझ्याकडून नको आहे का? अजून राग आहे?"

"राग कसला, वेडे." त्यांनी खाली बोट दाखवलं. "मी आयुष्यभर एकच धंदा केला. चांगल्या मालातनं जीव काढून घेतला आणि उरलं ते तिथं टाकलं. पन्नास वर्षांत त्या खड्ड्यातला पाला परत हिरवा झालेला मी पाहिला नाही. तुझ्यातनं निम्म्याहून जास्त काढणार म्हणे. मग उरेल ते काय?"

"डॉक्टर म्हणतात, वाढतं परत. दोघांचंही."

"डॉक्टर म्हणणारच."

मिरीनं सूप ढवळलं. खोटं बोलायचं तर ही वेळ होती, पण या माणसाशी ती कधी खोटं बोलली नव्हती. भांडण झालं होतं तेही त्यामुळेच. "मलाही तीच भीती आहे," ती म्हणाली. "रोज असते."

बाबांनी मान हलवली. दोघांनी बराच वेळ खड्ड्याकडे बघत सूप संपवलं, एकाच वाटीतून, आळीपाळीनं.

पंधराव्या दिवशी सकाळी हॉस्पिटलच्या तपासणी खोलीत पाचही जण मावले नसते, म्हणून डॉक्टरांनी दोघांनाच आत घेतलं: टेबलावर मिरी, आणि चाकाच्या खुर्चीत बाबा. बाबांना आत यायचंच होतं. मिरीच्या पोटावर थंडगार जेल पसरलं होतं आणि पडद्यावर राखाडी रंगाचा एक मोठा ढग हळूहळू हलत होता.

"रक्त सकाळीच आलं," डॉक्टर म्हणाल्या. "छत्तीस."

मिरीनं डोळे मिटले.

"दोनशे अडुसष्टवरनं?" बाबांनी विचारलं.

"दोनशे अडुसष्टवरनं. परवा सुईनं तुकडा काढून पाहिला, तोही स्वच्छ आहे. चरबी पाच टक्के."

"काय दिलंत तुम्ही तिला?"

"काही नाही."

"सुनेनं काही..."

"कोबी, मसूर, ओट्स. तुम्ही जे खाल्लं तेच. आणि लिव्हरला एकटं सोडलं."

"मग केलं कोणी हे?"

डॉक्टरांनी पडद्यावरच्या ढगाकडे हनुवटीनं खूण केली. "त्यानंच. जिथं जळलं होतं तिथं नव्या पेशी आल्या. कोणी सांगायला गेलं नव्हतं."

बाबा खुर्चीतून पुढे वाकले. पडद्याचा उजेड त्यांच्या पिवळ्या डोळ्यांत पडला. पन्नास वर्षं त्यांनी भांड्याच्या झाकणाला कान लावून आतली वाफ ऐकली होती, आपल्याइतकं कोणाला कळत नाही या ऐटीत. आणि हे त्यांच्या पोरीच्या बरगडीखाली, त्यांच्या स्वतःच्या बरगडीखालीही, जन्मापासून चालू होतं, आच न लावता, आवाज न करता. मिरीचं पोट श्वासाबरोबर वरखाली होत होतं आणि ढगही तिच्याबरोबर वरखाली होत होता. त्यातून रक्ताच्या वाटा काळ्या रेघांसारख्या फांद्या फुटत गेल्या होत्या. इतकं मोठं काही आपण आयुष्यात पाहिलेलं नाही, असं बाबांना वाटलं, आणि ते त्यांनी नंतर सगळ्यांना सांगितलंही.

"हे जर पंधरा दिवसांत स्वतःला भरून काढतं," ते शेवटी म्हणाले, एकेक शब्द शोधत, "तर कापल्यावरही..."

"दोन-तीन महिन्यांत जवळजवळ पहिल्याएवढं होतं. मी पहिल्या दिवशीही सांगितलं होतं."

"सांगितलं होतंत. आता दिसलं." त्यांनी पडद्यावरची नजर काढली. "दुखेल का तिला?"

"दुखेल. बरंच दुखेल. आणि धोका अजिबात नाही असं मी म्हणणार नाही." डॉक्टर मिरीकडे वळल्या. "तुम्ही म्हणाला होता, पंधरा दिवसांनी विचारा. वडिलांना बाहेर पाठवू का?"

"नको," मिरी म्हणाली. "राहू देत."

पण डॉक्टरांनी विचारायच्या आधी बाबांनी आपला खाजरा, कातडी सोललेला हात उचलला आणि मुलीच्या पोटावर ठेवला, उजवीकडे, बरगडीखाली, थंड जेलमध्ये. ती नऊ-दहा वर्षांची झाल्यापासून त्यांनी तिच्या डोक्यावरूनही कधी हात फिरवला नव्हता, आणि तिच्याकडे काही मागितलं तर नव्हतंच. आजवर सगळं बाकीच्यांनी त्यांच्यासाठी मागितलं होतं.

"मिरे," ते म्हणाले. "घेऊ का गं?"

तिनं त्यांच्या हातावर आपला हात ठेवला.

"घ्या, बाबा," ती म्हणाली. "मला येईल परत."